क्रूझ १०० वर, मॅप म्हणतंय ९६: नक्की खरं कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे की नवीन गाडी घेतलीय, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला क्रूझ कंट्रोल (पाय न लावता ठरवलेला स्पीड धरून ठेवणारी सोय) १०० वर लावलं की स्पीडोमीटरचा काटा बरोब्बर १०० वर उभा, पण मोबाईलचा मॅप ९५-९६ च दाखवतो, आणि सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो "साहेब सगळ्या गाड्यांना असंच असतं". मग पुढचे प्रश्न, की क्रूझ १०४ वर लावलं तर चालेल का, टायर मोठे टाकायचेत त्याने काय होईल, आणि मीटरच खोटं तर किलोमीटर आणि ॲव्हरेजपण खोटं समजायचं का. मी बरीच वर्षं कारखान्यात क्लस्टरच्या (स्टिअरिंगमागचा मीटरचा पूर्ण संच) लाइनवर कॅलिब्रेशन, म्हणजे काटे बरोबर जुळवायचं काम, केलंय, आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, मीटर सेन्सर वायरिंग असलीच कामं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सर्व्हिस सेंटरवाला खरं बोलतोय, फक्त कारण सांगायचा त्याने कंटाळा केला. तुमचं मीटर बिघडलेलं नाही, ते मुद्दाम जास्त दाखवतं आणि तसं दाखवायला नियमानेच भाग पाडलंय. संयुक्त राष्ट्रांचं ३९ नंबरचं रेग्युलेशन आहे, युरोपसकट बरेच देश ते पाळतात, आपल्याकडेही केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११७ वा नियम स्पीडोमीटरचा आणि त्याची दिशा तीच. त्यात गंमत अशी की चूक एकाच बाजूला चालते. काटा खऱ्या स्पीडपेक्षा कमी कधीच दाखवायचा नाही, एक किमीनेसुद्धा नाही, पण जास्त दाखवला तर खऱ्या स्पीडच्या दहा टक्के अधिक ४ किमी इतकी सूट. म्हणजे गाडी खरी ८० ने चाललीय तर काटा ८० ते ९२ मध्ये कुठेही चालेल, १०० ला ११४ पर्यंत, १२० ला १३६ पर्यंत. एवढी सूट कोणी वापरत नाही, हल्लीच्या बहुतेक गाड्या दोन ते पाच टक्के जास्त दाखवतात, तुमची चार टक्के, म्हणजे अगदी सरळमार्गी गाडी आहे.

आता कोणी म्हणेल की एवढी इलेक्ट्रॉनिक्स भरलीय तर बरोबर आकडाच का नाही दाखवत. कारण गाडीला स्वतःचा स्पीड माहितच नसतो. तिला फक्त चाक किती वेळा फिरलं एवढं कळतं. एबीएसचे (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर प्रत्येक चाकाजवळ बसलेले असतात, दात असलेली किंवा चुंबकीय पट्टे असलेली रिंग त्यांच्यासमोरून फिरते, ते पल्स मोजतात, आणि एका फेऱ्यात गाडी किती पुढे गेली हा आकडा कंपनीने आधीच मेमरीत टाकून ठेवलेला असतो. तो आकडा टायरचा. आणि टायर काही आयुष्यभर एकाच मापाचा राहत नाही. १८५/६५ आर १५ घ्या, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची, बाहेरचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर धरली आणि १.६ ला टायर बाद, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून व्यास जवळजवळ १३ मिलिमीटरने कमी होतो, ते झाले दोन टक्के. म्हणजे त्याच गाडीत, तोच काटा, नव्या टायरवर १०० ला खरा स्पीड ९६ असेल तर टायर गुळगुळीत होईपर्यंत तो ९४ वर आलेला असतो. त्यात वेगळ्या ब्रँडचा त्याच मापाचा टायर, तोही दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे असतो. आता कंपनीने झिजलेल्या टायरवर मीटर तंतोतंत लावलं तर नवीन टायर टाकल्याबरोबर ते कमी दाखवणार, म्हणजे नियम मोडला. म्हणून सगळ्यात मोठा टायर, सगळ्यात वाईट परिस्थिती धरून वर थोडी शिल्लक ठेवतात.

हवेचं बरेच जण विचारतात. हवा कमी असली तर टायर दबलेला दिसतो, म्हणून लोकांना वाटतं मीटर खूप चुकेल, पण रेडियल टायरमध्ये आत स्टीलचा पट्टा असतो, त्याचा घेर ताणला किंवा दाबला जात नाही फारसा, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा तो गोल फिरतच राहतो, त्यामुळे ३३ ची हवा २७ झाली तरी फरक एक टक्क्याच्या आतच. (याच बारक्या फरकावरून काही गाड्या कुठल्या चाकात हवा कमी आहे ते ओळखतात, व्हॉल्व्हमध्ये सेन्सर नसलेल्या गाड्या.)

लाइनवर हे कसं व्हायचं सांगतो म्हणजे डोक्यात बसेल. क्लस्टर जिगवर (तपासणीच्या साच्यावर) लावायचा, कॉम्प्युटरवरून त्याला खोटा सिग्नल द्यायचा की बाबा तू आता ६० ने चाललायस, आणि वरचा कॅमेरा काटा कुठे थांबला ते बघतो. २२० पर्यंतची डायल आणि काट्याचा पल्ला साधारण २४० अंशाचा, म्हणजे एक किमी म्हणजे जेमतेम एक अंश. काटा मोटरच्या दांड्यावर दाबून बसवतात, तो बसताना अर्धा-एक अंश तिरका बसतोच, तेवढं मेमरीत लिहून दुरुस्त करायचं, मग पुढचे पॉइंट तपासायचे. आणि याच्या वर एक टेबल असतं, की आत ९६ आलं तर काटा १०० वर न्यायचा. ते टेबल गाडी कंपनी ठरवून देते, क्लस्टरवाला नाही. म्हणजे तुमचा ४ किमीचा फरक हा ढिलेपणा नव्हे, तो तिथे टाइप करून घातलेला आकडा आहे.

जुन्या गाड्यांत मात्र खरोखर ढिलेपणा होता. पद्मिनी, अँबेसेडर, सगळ्या स्कूटर, त्यात केबल फिरायची, केबलच्या टोकाला चुंबक, चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी, चुंबक फिरला की वाटी ओढली जायची आणि बारीक स्प्रिंग तिला मागे धरायची. ऑटो शुल्झ नावाच्या जर्मन माणसाने १९०२ ला याचं पेटंट घेतलं आणि जवळजवळ शंभर वर्षं तेच चाललं. जपानी पद्धतीत केबलचे ६३७ फेरे म्हणजे एक किलोमीटर असा हिशोब असायचा. स्प्रिंग सैल पडली की मीटर जास्त दाखवणार, चुंबक कमजोर झाला की कमी, आणि केबल कोरडी पडली की काटा ४० ते ७० मध्ये नाचत बसणार. तो काळ गेला ते बरंच झालं.

मॅपवर कितपत विश्वास ठेवायचा? सरळ रस्ता, मोकळं आकाश, स्पीड स्थिर, असं असेल तर बऱ्यापैकी डोळे झाकून ठेवा. फोन नुसतं आधी इथे होतो आता तिथे आहे असं मोजत नाही, सॅटेलाइटच्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी तुमच्या हालचालीने किती सरकली त्यावरून स्पीड काढतो, आणि ते काम स्थिर स्पीडला एखाद्या किमीच्या आत बरोबर येतं. त्याला टायरशी काही देणंघेणं नाही. पण तो मागे असतो, ब्रेक मारला की काटा लगेच उतरतो आणि मॅप सेकंद-दीड सेकंदाने. भातान, माडप, कामशेतच्या बोगद्यात तो आकडा अंदाजे असतो, घाटात डोंगराच्या कुशीत गेलात की उड्या मारतो. चढ-उताराने मात्र काही बिघडत नाही, सहा टक्क्यांचा चढ असला तरी फरक हजारात दोन.

मॅपवरही विश्वास नसेल तर गाडीतच एक सोय आहे आणि ती फार कमी लोकांना माहित असते. ट्रिप मीटरमध्ये सरासरी स्पीडचा आकडा येतो ना, तो बहुतेक गाड्यांत अंतर भागिले वेळ असा काढलेला असतो, आणि अंतर हे फुगवलेलं नसतं. क्रूझ १०० वर स्थिर लावा, शेजारच्याला ट्रिप रीसेट करायला सांगा (स्वतः करू नका प्लीज), पाच-सात किलोमीटर जाऊ द्या. सरासरी ९६ च्या आसपास येईल. म्हणजे एकाच पाटीवर काटा म्हणतोय १०० आणि खाली तीच गाडी म्हणतेय ९६, एकाच गाडीच्या दोन साक्षी. आणखी एक पद्धत किलोमीटरच्या बोर्डांची, १ किमीला ३६ सेकंद म्हणजे १००, ४५ सेकंद म्हणजे ८०, ३० म्हणजे १२०. पण एकाच किलोमीटरवर मोजू नका, बटण दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी दीड टक्का गेला, आणि एखादा बोर्डही सरकून लावलेला असतो. ५ किमीला १८० सेकंद धरा, मग तोच अर्धा सेकंद किरकोळ होतो. समृद्धीवर हे करायला मजा येते, सरळ आणि रिकामा रस्ता.

ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून कॉम्प्युटरचे आकडे मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र) असेल तर त्यातही स्पीड दिसतो, पूर्ण किमीतच येतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो जीपीएसच्या जवळ असतो कारण क्लस्टरचं ते फुगवायचं टेबल त्याच्या नंतर लागतं.

आता क्रूझ. क्रूझला स्वतःचं वेगळं मोजमाप नसतं, इंजिनच्या कॉम्प्युटरला जो चाकांचा स्पीड मिळतो त्यावरच ते चालतं, पण तुम्हाला स्क्रीनवर जो सेट आकडा दिसतो तो काट्याच्या भाषेत दाखवतात, नाहीतर लोक ९६ आणि १०० बघून शोरूमला भांडायला जातील. म्हणून क्रूझ १०० म्हणजे काटा १००, खरं ९६. दोघांत एकाचा फरक दिसला तर तो गोल आकडा करण्याचा, सोडून द्या. जुन्या क्रूझला तर आकडाच नसायचा, ज्या क्षणी सेट दाबलं तो स्पीड धरून ठेवायचा एवढंच काम. हे ज्याने शोधलं तो राल्फ टीटर लहानपणापासून आंधळा होता, १९५० ला पेटंट मिळालं आणि १९५८ ला क्रायस्लरच्या इंपिरियलमध्ये आलं. दुसऱ्याच्या गाडीत बसून धक्के खाणाऱ्यालाच स्पीड स्थिर ठेवायची किंमत कळली असणार, असं आपलं मला वाटतं.

क्रूझची अचूकता दोन प्रकारची असते आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, आकडा खरा आहे का, ते वर झालं. दुसरी, धरलेला आकडा किती घट्ट धरतो, आणि त्यात क्रूझ माणसाच्या पायापेक्षा कितीतरी चांगलं, सपाटीला एक-दोन किमीच्या आत. चढ आला की आधी स्पीड थोडा पडतो मगच ते थ्रॉटल (म्हणजे ॲक्सिलरेटर) वाढवतं, कारण ते चढ बघत नाही, चुकलेला स्पीड बघतं, आणि चूक टिकून राहिली की जोर वाढवत नेतं, ऑटोमॅटिक असेल तर गियर टाकतं. मॅन्युअल गाडीत गियर ते टाकू शकत नाही, स्पीड फार पडला की स्वतःच सुटतं. उताराला उलटं, साध्या क्रूझला ब्रेक नसतो, फक्त थ्रॉटल बंद करून इंजिनच्या ओढीवर भागवतं, त्यामुळे खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ६० ला सेट केलेली गाडी आरामात ७० च्या वर जाते आणि स्क्रीनवर सेट ६० च दिसत राहतं. रडारवालं ॲडाप्टिव्ह क्रूझ असेल तर ते ब्रेकपण मारतं, तरीही घाटात क्रूझ लावूच नये या मताचा मी आहे, तिथे ट्रक कुठल्या लेनमध्ये असेल याचा नेम नाही.

मग १०४ वर लावायचं का? गणिताने बरोबर आहे, काटा १०४ म्हणजे तुमच्या गाडीत खरे १००. कॅमेरा तुमचा काटा बघत नाही, तो खरा स्पीड बघतो, एक्सप्रेसवेवर तर एका पॉइंटपासून दुसऱ्या पॉइंटपर्यंत लागलेल्या वेळावरूनपण सरासरी काढतात. हातात धरायच्या किंवा पोलिसांच्या इंटरसेप्टर (स्पीड तपासणाऱ्या) गाडीतल्या लेझर गनचं तर असं असतं की कोनातून मारली की आकडा थोडा कमीच येतो, १० अंशाला दीड टक्का, म्हणजे फायदा तुमचाच. पण मी स्वतः लावत नाही. नवीन टायर पडला, थोडा उतार लागला, की तुमची शिल्लक संपली आणि दोन हजारांचं चलन घरी. आणि मिळतं काय? आख्खा ९४.५ किमीचा एक्सप्रेसवे ९६ ऐवजी १०० ने गेलात, घाट वगैरे नाहीच असं धरून, तर वाचले सव्वादोन मिनिटं. तेवढा वेळ टोलला जातो. समृद्धीवर नागपूर ते आमणे ७०१ किमी, तिथे ११५ आणि १२० मध्ये पंधरा मिनिटांचा फरक पडतो, तिथे कोणी काटा १२३-१२४ वर ठेवला तर मी समजू शकतो, फक्त आधी आपल्या गाडीचा फरक मोजून, मित्राच्या गाडीचा नाही. आणि टायर त्या स्पीडला तासन्‌तास टिकण्यासारखे आहेत का ते आधी बघा, समृद्धीवर काट्यापेक्षा ते महत्त्वाचं.

टायरचा प्रश्न मात्र खरा प्रश्न आहे, वरचं सगळं समजून घ्यायचं ते यासाठी. कंपनी वेगवेगळ्या व्हेरियंटला वेगळे टायर देते पण बाहेरचा व्यास तोच ठेवते. मागच्या पिढीची स्विफ्ट बघा, खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५, रिम वेगळा, रुंदी वेगळी, पण व्यासात फरक २ मिलिमीटर. दुकानदार हे बघत नाही, तो बघतो टायर आर्चमध्ये (चाकावरच्या कमानीत) घासतंय का. १८५/६५ च्या जागी २०५/६५ आर १५ टाकलात तर व्यास ६२१ चा ६४७ झाला, चार टक्क्यांहून जास्त, आणि तुमची जी चार टक्के शिल्लक होती ती बरोब्बर तिथे संपली. काटा १०० म्हणजे खरे १००, आता मॅप आणि काटा जुळतात म्हणून लोक खूष होतात, "मीटर बरोबर झालं बघा". बरोबर नाही झालं, कंपनीने ठेवलेली शिल्लक तुम्ही खाल्लीत. जिम्नीवाले तर १९५/८० आर १५ काढून २३५/७५ आर १५ टाकतात, जवळजवळ सहा टक्के, काटा १०० ला गाडी खरी १०१-१०२ ने पळतेय. माझ्याकडे एक गिऱ्हाईक तेच घेऊन आलं, की क्रूझ ९९ ला लॉक होतं, फोटो आहे डॅशबोर्डचा, तरी चलन आलं, कॅमेरा खोटा आहे. टायरवरचे आकडे वाचले, मूळ मापाशी ताडले आणि मॅप लावून हायवेला एक चक्कर मारली, काटा ९९ ला मॅप १०२. कॅमेऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

रुंद टायर हवाच असेल तर उंचीचा आकडा खाली आणा, १८५/६५ च्या जागी १९५/६० आर १५ टाकला तर व्यास ६१५ येतो, एक टक्का कमी, म्हणजे मीटर आणखी थोडं जास्त दाखवेल, चालतं. १९५/६५ सुद्धा दोन टक्के वर आहे, शिल्लक अर्धी जाते पण अजून सुरक्षित बाजूला आहात. माझा साधा नियम, व्यास मूळच्या दोन टक्के वर नको, खाली तीन टक्के नको. हे मीटरपुरतं, इन्शुरन्स आणि वॉरंटीचं वेगळं विचारून घ्या.

आता किलोमीटर आणि ॲव्हरेज. ओडोमीटरला ते फुगवायचं टेबल लावत नाहीत, तो कंपनीच्या टायरवर एक-दोन टक्क्यांत बरोबर असतो. म्हणून "मीटर चार टक्के जास्त दाखवतं म्हणजे वॉरंटीचे किलोमीटरपण चार टक्के लवकर संपणार" हे गणित चुकीचं आहे. पण टायर मोठा टाकला की ओडोमीटरपण फसतो, गाडी १०४ किमी गेली तर १०० मोजतो. मग टाकी फुल ते टाकी फुल हिशोब केला की वाटतं गाडीचं ॲव्हरेज पडलं. थोडं खरंच पडलेलं असतं, जड रुंद टायर ओढायला लागतात, पण त्यातले चार टक्के नुसते मोजण्यात गेलेले असतात. १५ चं ॲव्हरेज दिसत असेल तर खरं १५.६.

एकच गोष्ट खरोखर काळजीची, आणि ती तुमच्यासारखी नसून उलटी असते, की स्थिर स्पीडला मॅप जास्त दाखवतोय आणि काटा कमी. टायर कंपनीचेच असतील आणि तरीही असं होत असेल तर गाडी तपासायला द्या. सेकंडहँड गाडीत बहुतेकदा क्लस्टर बदललेला निघतो, दुसऱ्या व्हेरियंटचा किंवा भंगारातून आणलेला, आणि क्लस्टर बदलला असेल तर ओडोमीटरवरचे किलोमीटर कोणाचे आहेत हा पुढचा प्रश्न आपोआप आलाच. अशा वेळी सर्व्हिस रेकॉर्डवरचे किलोमीटर आणि तारखा लावून बघा.

आणि "मीटर जीपीएसशी जुळवून द्या, पैसे घ्या" म्हणून येणारेही आहेत. काही गाड्यांत ते टूल लावून होतं. मोठे टायर टाकलेल्या गाडीत टायरचा घेर नवीन भरून देणं वेगळं, ते मी करतो, कारण त्याने काटा पुन्हा सुरक्षित बाजूला जातो. पण ठीकठाक गाडीतली चार टक्के काढून काटा खऱ्यावर आणायचा, ते काम मी परत पाठवतो, पुढच्या वेळी टायर बदलताना दुकानदाराने वेगळा ब्रँड टाकला की ती गाडी कमी दाखवायला लागणार आणि तेव्हा चालवणाऱ्याला ते कळणारही नाही.